दुसरी प्रत

नंबर लावायचा. शेजारी पट्टी ठेवायची,
लाल, पिवळा, करडा, काळा, रंगांची ती छोटी शिडी,
म्हणजे पडद्यावर फुलाचा निळा किती खरा ते कळतं.
मग बटण. दिवे पांढरे होतात. झालं.
दिवसाला एकशे चाळीस.
वीज गेली तर साठ.

तिबिलिसीत हा सगळा हिवाळा मी हेच केलं.
सत्तरी उलटल्यावर मला परत बोलावलं,
कारण जुनं हस्ताक्षर लावता येणारं
आमच्या मजल्यावर आता कुणी उरलं नाही.
लामाराबाई, तेवढं वाचून द्या, म्हणतात पोरं.
देते वाचून.
डांबरगोळ्यांचा वास केसांत घेऊन घरी जाते.
नातू दार उघडतो: आलं कपाट.

कपाट अडतीस. घंटाफुलं.
उश्गुलीच्या वर, हिमनदीच्या पायाशी,
खडकाच्या भेगेतून काढलेलं एक झाड. ऑगस्ट चौतीस.
*सकाळी गारा. झाडाला काही झालं नाही.*
आणि त्याखाली, जिथे नाव असायचं, काळं.
डाग नव्हे. चौकोन.
नेटका, पट्टी लावून भरलेला,
एक थेंबसुद्धा बाहेर नाही.

असे चौकोन माझ्या ओळखीचे आहेत.
सदतीस साली पुष्कळ नावं अशी निजवली.
फॉर्मात रकाना असतो: संग्राहक.
मी लिहिते, वाचता येत नाही.
दोनशे अकरा वेळा लिहिलं आहे.

मार्चमध्ये तार्तूहून हेल्वेचा निरोप आला.
ती तिकडे एस्टोनियात हेच करते,
तिच्याही खिडकीत बर्फ, तिचीही पाठ दुखते.
एरवी आम्ही फक्त नंबरांतून बोलतो.
*तुमच्या चव्वेचाळीस सतराची दुसरी प्रत
आमच्याकडे आहे बहुतेक. छत्तीसच्या वसंतात आलेली.*
तेव्हा तशी रीत होती:
एका मुळाचे दोन कोंब, एक घरी ठेवायचा,
एक परमुलखात द्यायचा, लेक दिल्यासारखा.

फोटो उघडला.
आमच्याकडे फूल, तिच्याकडे बोंड.
मूळ जिथे फाडलं ती कड
आमच्या कडेला बरोब्बर बसते,
पाव मोडून दोघांनी घ्यावा तशी.
तेच अक्षर. त्याच गारा.
आणि खाली, उघडं:
दारेजान गुलबानी.

मी मोठ्यानं वाचलं.
पलीकडच्या पोरानं कानांतली वायर काढली. काय म्हणालात?
पुन्हा वाचलं.

एक सांगायचं राहिलं.
आवक-जावकच्या वहीत, सदतीसच्या नोव्हेंबरात, एक ओळ आहे:
आदेशाप्रमाणे सदर संग्रह जाळून टाकला.
खाली सही वाख्तांग सरांची.
तेव्हा बावीस वर्षांचे असतील.
मला कागदावर देठ शिवायला यांनीच शिकवलं,
टाका दिसू नये, पण सुटूही नये.

जाळून टाकला म्हणे.
दोनशे अकरा पानं. हातानं मोजली आहेत मी.
रेघ ओढायची तर पट्टीशिवाय नाही, ही त्यांची खोड.
सतरा वर्षं एका टेबलावर चहा प्यायलो,
साखर पुढे सरकवत राहिले, बोलले काही नाहीत.
त्यांना शूर म्हणू की भित्रे?
माझ्या फॉर्मात तो रकाना नाही.

हेल्वेला लिहिलं: अजून बघ.
तिनं रातोरात एकोणीस काढली.
क्राकोला विचारते म्हणाली, उप्सालालाही,
तिथल्या बाई चिडक्या आहेत पण कपाटं उघडतात.

संग्राहक.
आधी लिहिलं: गुलबानी, दा.
मग खोडलं. पूर्ण लिहिलं, एकेक अक्षर बघत.
बाहेर ट्रकनं मीठ टाकत रस्ता मोकळा केला.

एकशे ब्याण्णव बाकी.
पट्टी सरळ केली. दिवे पांढरे.