मोजणी

आमच्या जेलरोडला बोअरचं पाणी जड.
गिझरच्या कॉइलवर पुटं चढतात,
डाळ शिजता शिजत नाही,
सरोजिनीचे केस गळतात ते वेगळंच.
पण आफ्रिकेतल्या कुठल्याशा तळ्याचे हे पिवळे मासे
या पाण्यात असे रुळले
की जणू दसक-पंचकचेच मूळ रहिवासी.
"निदान कुणाला तरी मानवलं," ती म्हणाली.

ऐन पौषात मादीने तोंड मिटलं.
हनुवटीखाली फुगवटा,
लिमलेटची गोळी लपवलेल्या पोरीसारखा.
दाणे टाकले की बाकीचे तुटून पडतात,
ही नुसती बघते
आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी खालीवर करत राहते.
"अंडी आहेत. एकवीस दिवस खाणार नाही."
एकादशीला दोनदा खिचडी घेणारी सरोजिनी
काचेजवळ आली.
"निर्जळी?"
"निर्जळी कसली? पाण्यातच आहे ती."

देवळाली कॅम्पचा शफिक म्हणाला,
काका, पहिलटकरीण आहे, घाबरली तर गिळून टाकेल.
जाळीत घ्या, काडीने जबडा उघडा,
पिल्लं आपोआप बाहेर.
जाळी भिजवली मी. काडीही तासली.
मग तसाच उभा राहिलो.
चौतीस वर्षं छापखान्याच्या फाटकात
रोज संध्याकाळी हात वर केले,
खिसे उलटे केले, डबा उघडून दाखवला.
तोंड उघडा, असं मात्र
कुणी कधी म्हटलं नव्हतं.

तिला वेगळ्या टाकीत ठेवलं,
नदीतून आणलेल्या काळ्या दगडांच्या आडोशाला.
शनिवारी दिवसभर वीज नव्हती.
बॅटरीवरचा पंप घरघरत होता
आणि टाकीभोवती माझी गोधडी.
मी स्वेटरवर स्वेटर.

बाविसाव्या पहाटे
टाकीत शितं सांडल्यासारखी दिसली,
प्रत्येक शिताला दोन डोळे.
मी वाकलो, माझी सावली पडली,
तिने तोंड उघडलं
आणि सगळी शितं परत आत. फाटक बंद.

दुपारी मोजली: तेवीस.
संध्याकाळी: बावीस.

आमच्याकडे एक नोट कमी आली की दारं लागायची.
कुणी घरी जायचं नाही.
कातरण उपसा, चपला झटका, पुन्हा मोजा.
एकदा रात्री अडीचला सापडली,
यंत्राच्या पट्ट्याला आतून चिकटलेली.
तोवर गोपाळ दोंदेचा मुलगा
जन्मून आठ तास झाले होते.
गोपाळ टेबलाखाली ओणवा होता,
टॉर्च घेऊन.

मीही टॉर्च घेतला.
स्पंज पिळला, नळी फुंकली,
एकेक दगड उचलून पालथा केला.
तिच्या पोटाकडेही पाहिलं, खोटं कशाला बोलू.
ती कोपऱ्यात, कल्ले हलवत,
माझ्याकडे न बघता.
"जेवून घ्या," आतून आवाज आला,
"मेथी आहे. मासळी नाही."

सकाळी मोजली: चोवीस.

छापखान्यात जास्त निघणं
कमी निघण्याहून वाईट.
कागद भरावे लागतात, साहेब बोलावतात,
चोर नसतो, तरी सगळ्यांकडे बघितलं जातं.
मी पुन्हा मोजायला घेतली.
सात, आठ... तेवढ्यात दोघं
एकमेकांच्या मागे लागून दगडाआड गेली,
आणि आठवं कुठलं, नववं कुठलं.

सरोजिनीने उकडलेल्या अंड्याचा बलक
मलमलीत बांधून दिला, नाक मुरडत.
मी पाण्यात हलवला. धुकं झालं.
धुक्यात चोवीस किंवा बावीस किंवा कितीही
इवली तोंडं उघडमीट करू लागली.

मोठ्या टाकीत परत सोडलेल्या आईला
मी एकच दाणा टाकला.
तिने तो घेतला,
सवयीने थोडा वेळ तोंडात धरून ठेवला,
मग गिळला.