मधला आद

पानादेरो म्हणजे पाववाला.
पान म्हणजे पाव, एरो म्हणजे वाला,
इथवर कॉलेज रोडच्या वर्गातली माझी पोरंही येतात.
मग मधला आद कुठून आला?
सात वर्षं मी त्या आदच्या मागे आहे.
पुण्याच्या टेंबेबाई, माझ्या गाईड, म्हणतात,
शब्द स्पॅनिशने घडवला
की लॅटिनकडून घडलेलाच उचलला, आधी ते ठरव.
कसं ठरवू?
आयता आलेला आणि इथे ठोकलेला,
दोन्ही तांबे चिंचेने घासले की सारखेच लखलखतात.

आमचं घर तांबट आळीतलं.
तांबटमधला ट मी कित्येक दिवस
तेलकट, पोरकट यांच्या ओळीत बसवत होते.
तो तसला नाही.
ताम्रकुट्ट. तांबं कुटणारा.
जिभांवर झिजून झिजून
अख्ख्या हातोड्याचा उरलेला ट.
तिकडे लॅटिनमधलं मन असंच झिजलं,
विशेषणांच्या शेपटीला मेन्ते होऊन लटकलं,
हस्तलिखितांत कुठे जोडून, कुठे तोडून.
लेखनिकाने मध्ये जागा सोडली ती विचार करून,
की टाक बुडवायला हात उचलला म्हणून?
यावर चौदा पानं लिहिली आहेत मी.
उत्तर नाही, तळटिपा आहेत.

दादांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेले
तेव्हा गायधनी गुरुजींनी लाल बासनातून वही काढली.
जुनी पानं मोडीत, शब्दाशब्दांत फटच नाही,
एका रेघेला टांगलेलं सगळं घराणं.
"हे तुमचे खापरपणजे, तुकशेट."
मी शकाचा इसवी सन केला
आणि सवयीने म्हणाले, म्हणजे घराणं तेव्हापासूनचं.
गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला.
"बाई, वहीत नाव आलं
म्हणजे माणूस त्या दिवशी घाटावर आला.
जन्मला आधीच असणार ना!
आणि जे आलेच नाहीत, त्यांचं काय?"

तिसऱ्या प्रकरणातला माझा तक्ता,
शब्द, पहिली नोंद, शतक,
तो नुसता घाटावर आलेल्यांचा हिशोब होता.

दादा फसलेल्या भांड्याला ठोकाट म्हणायचे.
ठोके फार, आकार कमी.
पुढाऱ्याच्या भाषणाला म्हणायचे, काकाच्या तबल्याला,
एकदा माझ्या पहिल्या प्रकरणालाही.
कोशात नाही.
आळीत विचारलं. रंगनाथ वडके म्हणाले,
आमच्यात ठोकळट म्हणतात.
त्यांचा मुलगा म्हणाला, काय ते?
तो आट दादांनी लावला की त्यांच्या वस्तादाने,
की गोंगाट, खणखणाट यांच्या गर्दीतून
चुकून यांच्या दुकानात शिरला,
कळायला मार्ग नाही.
चाळीस वर्षं माणूस पाच हातांवर बसलेला.
विचारलं नाही.
आणि सहाशे वर्षांपूर्वीच्या पाववाल्याला
विचारायला निघाले आहे मी.

रात्री कार्ड लिहिलं.
ठोकाट. विशेषण.
प्रत्यय आट, पुढे प्रश्नचिन्ह.
पहिली नोंद आज, नाशिक.
आधार:
इथे ग्रंथ लागतो, पान लागतं, ओळ लागते.
मी लिहिलं, कान.
टेंबेबाई खोडतील.