बर्फाच्या कारखान्याशेजारी

पहिला अल्बम आम्ही अकरा दिवसांत उरकला,
म्हापशाला, क्लेटोच्या मामाच्या टायरच्या दुकानावरच्या खोलीत.
मोठ्यानं वाजवलं की खरं वाटतं,
एवढंच तेव्हा कळत होतं.
लोकांनाही खरं वाटलं.
अजून कुठंही गेलो तरी मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडतं
'पेट्रोल पंप! पेट्रोल पंप!'
आणि तेविसाव्या वर्षीचा राग
आम्ही एकोणतिसाव्या वर्षी काढून दाखवतो,
माळ्यावरून पितळेची भांडी काढावीत तसा.

दुसऱ्यासाठी खोली मिळाली कुटबणला,
जेटीपासून शंभर पावलांवर. भाडं कमी.
का कमी, ते पहिल्या रात्रीच कळलं.
भिंतीपलीकडे बर्फाचा कारखाना,
कॉम्प्रेसर चोवीस तास.
गाद्या लावल्या, अंड्यांचे ट्रे चिकटवले,
रेजिनानं तर गोधडीत डोकं आणि माइक दोन्ही घालून गाऊन पाहिलं.
प्रत्येक टेकच्या तळाशी तो होताच,
भातातल्या खड्यासारखा.

गौतेश तीन दिवस हेडफोन लावून त्याला खरवडत बसला.
तो गेला. त्याच्याबरोबर
गाण्याचं पोटही गेलं.

मग चौथ्या दिवशी लक्षात आलं,
क्लेटोनं न विचारता ड्रमची कातडी सैल केलीय
भिंतीपलीकडच्या सुराइतकी,
आणि दर चौथ्या श्वासाला मशीन जो गचका खातं
तिथं तो काठी उचलून धरतो, मारत नाही.
गिटार खाली आली. रेजिना खाली आली.
तिच्या आवाजात एक ओली खोली होती,
सहा वर्षांत आम्ही तिचं दार वाजवलं नव्हतं.

सगळे खूश.
माझी जागा मात्र मशीननं घेतली.
खालचा सूर सांभाळायला आता चोवीस तासांचा माणूस होता,
पगार न मागणारा.
सातांतल्या पाच गाण्यांत मी गप्प.
चहा आणला, केबली गुंडाळल्या,
घरी फोनवर सांगितलं, छान चाललंय.

मधेच पणजीहून मॅनेजर येऊन गेला.
नाक धरून म्हणाला, थोडं घुमट घाला की यात,
बाहेरच्यांना गोवा कळायला हवा.
रेजिना म्हणाली, वास येतोय ना? तोच गोवा.

एक जूनला मासेमारी बंद झाली.
ट्रॉलर एकमेकांना खेटून बांधले गेले,
आणि दुपारी तीनच्या सुमारास, चालू टेकमध्ये,
कारखाना थांबला.
रेजिना ओळीच्या मध्यावर होती.
जिना उतरताना शेवटची पायरी नसावी
तसा तिचा आवाज अडखळला.
दोन गाणी शिल्लक होती.

गौतेशनं जुना आवाज लूप करून लावला.
बाजारातल्या माशासारखा होता तो,
डोळे उघडे, बाकी काही नाही.

माझ्याकडं कुणी पाहिलं नाही.
मी बास उचलला, जाड तार सैल केली,
अजून सैल, पार लोंबू लागेपर्यंत,
आणि एक सूर धरला.
नऊ मिनिटं तोच.
दर चौथ्या श्वासाला गचका,
तोही मीच खाल्ला.
अंगठ्याला फोड आला, तो फुटला, तार निसरडी झाली.
रेजिनानं डोळे मिटले आणि पायरी सापडल्यासारखी उतरली.

दारात कारखान्याचा ऑपरेटर उभा होता, बाबुली,
बंदीमुळं रिकामा, लुंगी खोचून.
शेवटपर्यंत ऐकलं.
हे आमचं मशीन, म्हणाला.
मी मान हलवली. छाती जरा फुगली असेल.
'तो गचका बेअरिंगचा आहे,' तो म्हणाला,
'झिजलंय. नवीन मागवलंय.
ऑगस्टात सुरू होईल तेव्हा
तो नसणार.'