उणे छत्तीस

शटर अर्धं खाली. भुसावळ, रात्रीचे साडेदहा.
केळीबागेची जळकी मोटर बाकावरून खाली सरकवून
रूबेनचा ॲम्प्लिफायर उलटा ठेवलाय, पोट वर.
चासी म्हणजे स्टार्टरची जुनी पेटी,
तिच्यावर अजून 'धोका' आणि कवटी.

ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळला, नऊ संध्याकाळी,
दोन हजार एकशे बारा वेढे.
आठव्या थराला कुणी पंपाचा कॅपॅसिटर मागायला आलं,
तेव्हा एक वेढा मोजला की नुसता घातला, आठवत नाही.
रूबेनला हे सांगितलेलं नाही.

व्हॉल्व्ह लोटन मिस्तरींचे.
फिरत्या टॉकीजच्या साउंडमधले चार, त्यांतले दोन जिवंत,
बिस्किटाच्या डब्यात, सरकीसकट कापसात निजवलेले.
मिस्तरी आता अमळनेरला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
म्हणून फोनवर. फोन कथलाच्या रिळाला टेकवून.

"बाई, एक हात खिसामा ठेव."
माझ्या ड्रेसला खिसा नाही.
ओढणी खुंटीला, डावा हात कमरेमागे,
उजव्यात मीटरची लाल पिन.
चारशे व्होल्ट चूक समजावून सांगतात, पण एकदाच.

व्हॉल्व्हला मोकळं सोडलं तर तो सगळं देऊन टाकतो,
जळेपर्यंत देत राहतो.
म्हणून त्याच्या जाळीला उणं द्यायचं,
मोजून, स्क्रूड्रायव्हरने, केसभर.
फार उणं झालं की आवाज मधेच तुटतो,
घशात काटा अडकल्यासारखा.

"कितलं ऱ्हायनं?"
"एकाचं त्रेपन्न, दुसऱ्याचं चाळीस."
"जुळा नहीत त्या. दोन्हीसले आलग आलग दे."
मग दुसरा प्रीसेट झाळला, दोघांची दोन उणी.
सत्तेचाळीस. सत्तेचाळीस.
पंचवीस वॅटचे सत्तर टक्के,
आमच्या घरी एवढ्यावर पेढे वाटतात.
रूबेन उठला, वायर लावायला.

"लाइन कितली शे?"
"दोनशे आठ."
"मंग थांब. पंप बंद व्हऊ दे."

थांबलो. चहा झाला, थर्मासमधला, पत्र्याच्या चवीचा.
रूबेन न जोडलेल्या गिटारीवर बोटं फिरवत होता,
तारांचा डासाएवढा आवाज.
यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांना धडकत गेले
आणि बराच वेळ धडकतच राहिले.
फोनमधून घोरणं.

सव्वा वाजता तिकडे शेतांची थ्री फेज गेली
आणि दुकानातली ट्यूबलाइट एकदम गोरी झाली.
दोनशे त्रेचाळीस.
डाव्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर एक ठिपका,
भरताच्या काड्या विझताना खाली दिसतो तसा लाल,
आणि तो पसरायला लागला.
मी स्विच मारला. दोघंही बोललो नाही.
काच टिकटिकत थंड होत होती.

कॅपॅसिटर रिकामे केले. पुन्हा पहिल्यापासून.
आता मोजायचं ते भरल्या लाइनवर, चाळीसवर आणून सोडायचं.
जाळीवर मीटर लावलं: उणे छत्तीस.
दुसरीवर साडेपस्तीस, पण ते रूबेनने छत्तीसच लिहिलं,
स्टार्टरच्या कवटीखाली, खडूने.
तिनाची नि सहाची एकमेकांकडे पाठ.
हे दोघंही तसेच, एक ढकलतो तेव्हा दुसरा सोडतो,
त्या भांडणातूनच स्पीकर हलतो.

"संध्याकाळी लाइन पडली की अठ्ठावीसवर येतील,"
मी सांगितलं. "तू वाजवतोस त्याच वेळेला.
जरा खरखरेल."
"खरखरू दे," तो म्हणाला, "लाल नको."

मग वायर लावली. आधी नुसता हुंकार, पन्नास हर्ट्झचा,
मग त्याने एकच तार छेडली, खालची, जाड,
आणि बाकावरचे सगळे नटबोल्ट
एकदम बडबडायला लागले.
फोनमधून घोरणं थांबलं.
"हां," एवढंच.

मी ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवला. कोमट.
आठवा थर कुठे असेल, अंदाजाने बोट तिथे नेलं
आणि ऐकत राहिले,
एक वेढा कमी असता तर कसं वाजलं असतं.