तवंदी घाटातला फळा

मी आत जात नाही.
माझं काम फळा धरायचं:
नाव, आत गेल्याची वेळ, नळकांड्यात हवा किती.

रात्री दोन वीस. घाटाच्या दुसऱ्या वळणाखाली
टँकर कुशीवर निजलेला
आणि त्याच्या पोटातून पांढरं काहीतरी
जमिनीलगत, दरीकडे सरपटत निघालेलं.
बघ्यांना वाटलं धुकं.
दोघे तर मोबाइल काढून पुढे झाले.

कुडची साहेबांनी गाडी लांबच थांबवली,
चढावर, वारा पाठीशी घेऊन.
खिशातून चिमूटभर तंबाखू काढली,
खायला नव्हे. हेडलाइटच्या उजेडात वरून सोडली.
"गाळी आ कडे," मल्लेशी म्हणाला.
मी फळ्यावर लिहिलं: वारा दरीकडे.

मग दुर्बीण.
टँकरच्या पाठीवरची नारिंगी पाटी चिखलानं अर्धी झाकलेली.
एक. सात. आठ.
शेवटचा आकडा दिसेना.
केबिनपाशी, पुलाच्या कठड्याला टेकून
ड्रायव्हर खोकत होता. ते आम्हाला ऐकू येत होतं.
त्या एका आकड्याइतकं लांबलचक
मी जन्मात काही वाचलेलं नाही.

रवळूचे पाय उचलले.
नवा पोरगा, खानापूरकडचा, आगीत धावायला शिकलेला.
साहेबांनी त्याचा पट्टा मागून धरला.
बोलले काही नाहीत.
आम्हाला आठवला बाळाप्पा,
बर्फाच्या कारखान्यात तोंडाला ओला टॉवेल गुंडाळून घुसलेला.
दोघांना काढलं त्यानं.
आता हुक्केरीत दुकानावर बसतो,
सुटे पैसे मोजता मोजता मधेच थांबतो,
श्वास घ्यायला.

नऊ.
मिठाचं ॲसिड. न्हाणीघर धुवायच्या बाटलीत असतं तेच,
फक्त वीस हजार लिटर.

मग दोरी, बाभळीपासून मैलाच्या दगडापर्यंत.
आमच्या मुलखात रेघ ओढली की भांडण,
पाट्यांना रातोरात डांबर.
ह्या रेघेशी कुणी हुज्जत घातली नाही.
"मागं सरा! हिंदक्क सरीरी!"
मल्लेशी एकाच दमात दोन्ही ओरडत होता.

रवळू, दोन छप्पन्न, दोनशे.
दस्तगीर, दोन छप्पन्न, एकशे नव्वद.
हिरव्या सुटात तोंडं नसलेली दोन माणसं
त्या पांढऱ्यात गेली, आधी गुडघे दिसेनासे झाले.
वरून पाण्याची फवार, वाफेवर धरायची,
टाकीच्या भोकात नाही.
खाली ओढ्याच्या तोंडाशी मातीची पोती,
कारण पहाटे तिथं म्हशी येतात.

तीन पाच. आता एकशे तीस असेल.
तीन नऊ. शंभर.
खडू नुसता हातात. दुसऱ्याची हवा मोजताना
आपला श्वास कधी धरला जातो कळत नाही.
तीन बारा. पन्नासावर शिट्टी वाजते,
शिट्टीच्या आत परत फिरायचं, हे मीच शिकवलेलं.
तीन तेरा.
तीन चौदा.

तिघं आले.

आले, तरी बाहेर आले असं नसतं.
दोरीच्या आतच उभं राहायचं,
डोक्यापासून टाचेपर्यंत पाणी, मुखवटा सगळ्यात शेवटी.
रवळू लटलट कापत होता.
त्याच्या पाठीवर हात ठेवावा वाटलं.
ठेवला नाही.
ड्रायव्हरला कपडे कापून धूऽधू धुतलं,
थंडीनं तो आम्हाला शिव्या घालत राहिला.
घालू दे. शिव्या घालायला हवा लागते.

निपाणीत घरी पोचलो तेव्हा उजाडलेलं.
बायको न्हाणीघर धूत होती, बाटलीचा वास पार रस्त्यापर्यंत.
मी उंबऱ्याबाहेर थांबलो.
पायरीवरची धूळ चिमटीत घेतली, वरून सोडली.
सरळ खाली पडली.
"खिडकी उघड आधी," म्हटलं,
आणि ती उघडेपर्यंत
आत गेलो नाही.