बिजागरी

पाद्री येतो वर्षातून दोनदा, होडीतून, ओल्या झग्यानं.
उरलेले रविवार माझ्याकडे:
चर्चची किल्ली, मेणबत्त्या, आणि एक वही.
वहीचं मला कुणी सांगितलं नव्हतं.
ती मीच सुरू केली, पक्क्या शाईनं.

एदुविना बार्रीया. उशिरा.
एदुविना बार्रीया. दाराशीच उभी.
एदुविना बार्रीया. शांतीसाठी हात पुढे व्हायच्या आत गेली.
बारा वर्षं.
दार किरकिरायचं, माना वळायच्या,
मी तारीख घालायचो.

लोक म्हणत, सख्ख्या आईच्या मातीला आली नाही.
लोक म्हणत, पोरगा कुणाचा ते तिलाच ठाऊक.
मी काही म्हणत नसे.
मी नुसता लिहीत असे
आणि त्यालाच सचोटी समजत असे.

यंदा समुद्रानं तिच्या परसाचा कडा खाल्ला.
तेव्हा ती दारोदार फिरली, बेटाच्या रिवाजानं,
घर हलवायला हात मागत.
इथे चिलोएत घर मोडत नाही कुणी,
ओढून नेतात. अख्खं.
लाकडी खपल्यांच्या भिंती, छप्पर, धुराडं, सगळ्यासकट.
माझ्या दाराशी ती सर्वांत शेवटी आली.
"जमलं तर," म्हणाली.

आठ बैलजोड्या. घराखाली गोल ओंडके.
मागे सुटलेला ओंडका उचलून पुन्हा पुढे टाकायचा,
ते काम माझ्या वाट्याला आलं.
बारा वर्षं कुसळं टिपली लोकांच्या डोळ्यांतली,
आणि आज खांद्यावर हे मुसळ.
ओनोफ्रे मान्सिया ओरडला,
"ताठ काय उभा राहतोस, वाक की जरा!"
वाकलो.

घर कुरकुरत निघालं, जुन्या गलबतासारखं,
खिडकीत विसरलेला एक पडदा हलत होता.
सगळा गाव त्याच्यामागे, आरडत, हसत, चिखलात घसरत.
मी मागे राहिलो पाचरी वेचायला.

घर गेल्यावर उरते ती एक काळी चौकट,
बारा पावसाळी हिवाळे ऊन न पाहिलेली माती.
तुम्हाला सांगायला आवडलं असतं मला
की तिथे काहीतरी सापडलं,
एखादं पत्र, औषधाची बाटली,
तिच्या उशिराचं कारण.
सापडलं एक बटण. एक वाकडा चमचा.
मांजरानं नेऊन ठेवलेलं पाखराचं हाड.

मग जिथे तिची खिडकी होती
तिथे मी सहज उभा राहिलो.

समोर चर्चचं दार.
दाराला लागून माझा बाक.
बाकावरचा माणूस इथून पुरता दिसत असणार,
त्याचा टोपीचा कडा, त्याची वही,
ती उघडताना त्यानं जिभेला लावलेलं बोट.
म्हणजे प्रत्येक रविवारी
हे पाहून ती चप्पल घालत होती.
हे पाहूनही.

आमचा प्रभू एकदाच लिहिताना दिसतो,
तेही मातीत, बोटानं,
वाऱ्याला पुसता यावं असं.
काय लिहिलं ते कुणालाच नीट ठाऊक नाही.
मी त्या काळ्या मातीवर बोट टेकवलं
आणि मला तिच्या नावाखेरीज काही सुचेना.
तेही पायानं सारखं केलं.

संध्याकाळी नव्या जागेवर खड्ड्यातून वाफ निघत होती,
शिंपल्या, बटाटे, डुकराचं खारवलेलं मांस.
एदुविनानं मला वाढलं, न बघता, भरपूर.
"लिहून ठेवा," म्हणाली, "सगळे आले होते."
टोमणा होता की नव्हता,
अजून कळलेलं नाही.
मी बटाटा सोलत राहिलो. भाजत होता.

तिचं कारण मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.
माझं प्रेम कारणावर अडून बसलं
तर ते प्रेम नव्हे, उलटतपासणी.
हे म्हणायला सोपं आहे.
रात्री वहीची पानं चुलीत घालताना
हात दोनदा मागे आला.

शनिवारी बायकोच्या शिलाई मशिनची तेलाची कुपी घेऊन
मी चर्चच्या दाराशी बसलो.
वरची बिजागरी. खालची बिजागरी.
दार उघडलं, लावलं, उघडलं.

रविवारी ती उशिरा आली असावी.
लवकर गेलीही असावी.
एकही मान वळली नाही.
माझी, खरं सांगतो,
थोडी वळली होती.