कुपाटी

वच्छला झोटिंगची अन् माझी सांदवाडी,
मधी पऱ्हाट्यांची एकच कुपाटी.
तिच्यातून आरपार सगळं दिसतं.
दिसत नाही, असं दोघींनी धरायचं.

ढेमसं आधी कोणाचं लागलं
हे गावाला ठाऊक नसे, आम्हाला असे.
नळावर ती सहजच बोलल्यासारखं बोलायची,
"आज भाजी कायची करू व माय,
ढेमसं खाऊ खाऊ लेकरं कटाळले."
लेकरं तिची दोन्ही पुण्याला, कंपनीत.
घरी ती अन् एक बोकड.

मीही काही गाय नव्हते.
वारा तिकडे वळला
की मी मुद्दाम सांबार खुडायला बसायची,
पानं जरा चुरडून.

एका साली तिनं वालाचं बी दिलं,
वर्तमानपत्राच्या पुडीत,
वरून हळदीकुंकू लावून. वीस दाणे.
पंधरा दिवस मी माती पाहत बसले.
शेवटी उरलेला एक दाणा चावला.
खमंग होता. भाजलेला.

बोलले नाही काही.
आखाडात वांग्याची म्हणून
काटेरिंगणीची रोपं नेऊन दिली तिला, सहा.
दोन महिने तिनं शेणखत घातलं,
राख घातली, नजर लागू नये म्हणून
मधोमध फुटकं मडकं टांगलं.
जांभळी फुलं आली तेव्हा मला बोलावून दाखवली.
पानापानावर बोटभर काटे.
काटे तिनं पाहिले, मी पाहिले.
"गावरान जात दिसते," मी म्हटलं.
"हो न," ती म्हणाली. "तुह्या घरची."

मग त्या कोहळ्याचा वेल.

मूळ माझ्याकडे, मोरीच्या सांडपाण्यावर.
कुपाटी चढून गेला
अन् फळ धरलं नेमकं तिकडे उतरून.
वाढलं, पितळी घंगाळाएवढं झालं.
तिनं जुन्या लुगड्याची झोळी करून
त्याला तुराट्यांच्या घोडीवर टेकवलं,
कोण मागायला गेलं होतं?
मी मुळाशी रोज दोन गुंड पाणी ओतायची.
एकदा पहाटे उठले तर आळं आधीच ओलं.
कुपाटीला हात जाईल एवढं भोक.

कोतवालानं ऐकून घेतलं दोघींचं.
"मधोमध कापा न बाप्पा, अर्धं अर्धं खा."
"अन् बी?" आम्ही एकदमच म्हटलं.
तो चहा न पिता उठला.

एका सकाळी झोळी रिकामी.
देठ विळ्यानं कापलेला, सफाईनं.
मी तिच्या दाराकडे पाहिलं,
ती माझ्या दाराकडे पाहत होती.
त्या दिवसापासून नळावरही
घागरी तेवढ्या बोलायच्या.

मारुतीच्या देवळात सप्त्याचा काला.
पंगत बसली: वरण-भात, आंबट कढी,
अन् पत्रावळीवर पोरानं पळीभर टाकली
कोहळ्याची भाजी.
पहिल्या घासालाच समजलं.
आपलं पोर कुठंही असलं
तरी खोकल्यावरून कळतं न, तसं.
समोरच्या ओळीत वच्छलाचा घास
हातातच थांबलेला.
वाढणाऱ्या पोरांनी पाहिलं आमच्याकडे
अन् बादल्या घेऊन पटकन पुढे सरकली.

"तिखट जास्त झालं," ती म्हणाली,
कोणाला ते नाव न घेता.
"हो," मी म्हटलं. "पण शिजलं चांगलं."
चार महिन्यांत तेवढंच.

दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच
देवळामागच्या उकिरड्यावर गेले मी,
पदर खोचून, चप्पल हातात घेऊन.
वच्छला आधीच तिथं. वाकलेली.
बोकडाची मान एका हातानं दाबून
दुसऱ्या हातानं पत्रावळी उलटवत होती.
आतड्यासारखा पिवळा गर,
त्यात चिकटलेलं बी.
अर्धं अधिक बोकडानं खाल्लेलं.

मला पाहून ती उभी राहिली.
लुगड्याला हात पुसला,
मोजून माझ्या तळहातावर ठेवले दाणे. नऊ.
तिच्या मुठीत किती ते पाहायला गेले,
तर मूठ तिनं मिटली.

"हे भाजलेलं नाई," ती म्हणाली.

तरी तिच्यासमोरच
मी एक दाणा चावून पाहिला.